सतराच्या दोन खाचा

ता. ३ मार्च

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे आणि आमच्या फेरीबोटीचं इंजिन, दोघांची कुरकुर चालू असते आणि दोघांनाही तेल मीच घालतो.

तुझ्याकडे एक काम आहे. हार्डवेअरच्या दुकानात इतकी वर्षं उभी राहतेस, तर मला एक चांगली टूलबॉक्स निवडून पाठव. माझी जुनी पेटी म्हणजे नुसती खोल विहीर आहे. एक पाना हवा असला तर सगळा ढिगारा उपसावा लागतो, आणि आत काय आहे, काय नाही, ते कळत नाही. मला खणांची पेटी हवी. पत्रा जाड असावा, नुसता रंग बघून भुलू नकोस. बोट हलली तरी खण आपोआप उघडता कामा नयेत. भरलेला खण शेवटपर्यंत ओढला तरी पेटी पुढे कलंडू नये. कडेला रबर असेल तर बरं, धक्क्यावरच्या दमट हवेत सगळं गंजतं. आणि हो, बोट हलली तरी खण आपोआप उघडता कामा नयेत.

लवकर पाठव. एवढी घाई का, ते विचारू नकोस. दुकानात फार वेळ उभी राहू नकोस, पाय सुजतात तुझे.

दादाची माया आहे, ती धरून राहा.
तुझा दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. माझं लग्न ठरवताना तू नवऱ्याच्या एवढ्या चौकशा केल्या नव्हत्यास. खण उघडता कामा नयेत हे तर दोनदा लिहिलंस. म्हातारा झालास की काय?

पण काम चोख केलंय. दुकानातल्या सगळ्या पेट्या खाली उतरवल्या. एक दिसायला झकास होती, पण झाकणावर बसले तर पत्रा आत गेला. (माझ्या वजनावर काही बोलू नकोस.) दुसरी प्लास्टिकची, हलकी, पण कडी दोन-चार वेळा उघडली तेवढ्यात सैल झाली. तिसरीचे खण मी बिजागऱ्यांनी गच्च भरले आणि एकेक ओढून पाहिले. लोण्यासारखे सरकले आणि पेटी जागची हलली नाही. प्रत्येक खणाला खटका आहे, तो उचलल्याशिवाय खण उघडतच नाही. मालक म्हणाले, बाई, ही विकायची आहे, हिची परीक्षा किती घेणार? तीच पाठवते आहे.

वहिनींना नमस्कार. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.
तुझी ठकू

ता. २० मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पेटी पोचली. दणकट आहे, तुझी निवड चुकत नाही. पण ठके, एवढ्याने माझं भागणार नाही. खणात पाने सुटेच पडतात, आणि सुटं पडलेलं मोजत बसावं लागतं. मोजताना माझं चुकतं.

मला प्रत्येक खणात जाड स्पंज बसवून हवा आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच. एखादं हत्यार परत आलं नाही तर त्याची रिकामी जागा लांबूनही दिसली पाहिजे. मी एकेक हत्यार कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा गिरवून काढल्या आहेत, ते कागद सोबत पाठवतो. बाजारात नसेल तर तू काप, पण मला हे दे. हात जोडतो. या पेटीआधी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही. म्हातारपणाची थट्टा मात्र पुन्हा करू नकोस. आणि यातलं वहिनीला काही कळवू नकोस.

तुझाच,
दादा

ता. २२ मार्च

प्रिय ठकूताई,
स. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. तुम्हाला हे सांगणार नाहीत म्हणून मीच सांगते.

गेल्या महिन्यात इंजिनाचं काम केल्यावर यांचा एक पाना आतच राहिला. बोट पाण्याच्या मध्यावर असताना तो पट्ट्यात अडकला, पट्टा तुटला आणि इंजिन बंद पडलं. बोट प्रवाहाबरोबर पुलाच्या खांबाकडे जाऊ लागली. बायका पोरांना कवटाळून ओरडत होत्या. नांगर वेळेवर धरला म्हणून सगळे वाचले. फोरमनने सांगितलंय, पुन्हा असं झालं तर तुम्हाला घरी बसावं लागेल. त्याचंही चूक नाही हो.

परवा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे होते. मी शोधत गेले तर म्हणाले, कुणाची तरी वाट बघतोय. खरं म्हणजे कुठे वळायचं ते आठवत नव्हतं. डॉक्टरांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. काम गेलं तर हा माणूस खचेल, आणि काम राहिलं तर त्या बोटीतल्या लोकांचं काय? मला काही सुचत नाही. त्यांचा सगळा भरवसा त्या पेटीवर आहे.

आमच्यावरचं प्रेम आटू देऊ नका.
तुमची वहिनी

ता. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी मला सगळं कळवलंय. त्यांच्यावर डोळे वटारू नकोस. थट्टा केली त्याची लाज वाटते.

स्पंज मी स्वतः कापला. वर काळा, खाली पिवळा, म्हणजे एखादं हत्यार नसेल तर पिवळी जागा डोळ्यांत भरेल. ब्लेडने बोटं कापून घेतली, पण तू गिरवलेल्या रेषेबाहेर कुठे गेले नाही. सतरा नंबरचे पाने तू दोन काढलेस, एक जरा तिरका. दोघांना शेजारीशेजारी खाचा दिल्या आहेत.

दादा, हे मी केलं, आता माझ्यासाठी तू एक कर. डॉक्टरकडे जा. मी इथे दिवसभर गिऱ्हाइकांना खिळे मोजून देते आणि जीव तुझ्यापाशी टांगलेला असतो.

रागावलास तरी चालेल, पण दूर करू नकोस.
तुझी ठकू

ता. १५ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझे स्पंज पोचले तेव्हा मी इंजिन उघडून बसलो होतो. काम संपलं, मग धक्क्यावर बसून जुन्या पेटीतली आणि हातातली सगळी हत्यारं एकेक करून नव्या खाचांत बसवली. किती समाधान वाटलं म्हणून सांगू. पण एक जागा पिवळीच राहिली. सतराचा दुसरा पाना नव्हता.

माणसं बोटीत चढली होती. मी धावत जाऊन बोट थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. लोक शिव्या देत होते, पण मला आनंदच झाला होता, कारण या वेळी मला कळलं होतं. इंजिन पुन्हा उघडलं. झाकणं काढली, तळाचं तेल उपसलं, हात घालून कोपरान्‌कोपरा चाचपला. दिवस मावळला तरी पाना मिळेना.

मग फोरमनने बाकीच्या कामगारांना विचारलं. माझ्याकडे सतराचे दोन पाने कुणी कधीच पाहिले नव्हते. त्याने खाचेतला पाना उचलला आणि शेजारच्या रिकाम्या खाचेत ठेवला. तिथेही तो बरोबर बसला. एकच पाना मी दोनदा गिरवला होता. ठके, मला तो एकदाही गिरवल्याचं आठवत नाही.

फोरमन ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला. उद्यापासून येऊ नका असं तो म्हणालाच नाही. पेटीची आणि इंजिनघराची किल्ली मीच त्याच्यापुढे ठेवली.

तू स्वतःला बोल लावून घेशील, तुला ओळखतो मी. तुझा काही दोष नाही. मी जे काढून पाठवलं तेच तू कापलंस. वहिनीबरोबर डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी काय सांगितलं ते तिला विचार, मी लिहायला बसलो की हात थांबतो. हे पत्रही तिने शेजारी बसून पुरं करून घेतलंय.

मला भीती वाटते गं. इतक्या वर्षांत तुला हे कधी म्हटलं नाही.

सवडीने ये, असं पूर्वी लिहायचो. आता तसं लिहीत नाही. मी तुला ओळखतोय तोवर ये.

तुझा,
दादा