पोफळीवर चढणारी मुलगी माझ्याकडेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रोबेशन ऑफिसर साहेब,
जिल्हा कुलाबा, मुक्काम अलिबाग.

अर्जदार : काशीबाई येसाजी राऊत, वय ६८, राहणार रेवदंडा.

विषय : कु. राही, वय १४, हिचा ताबा काढून घेण्याची नोटीस मागे घेणेबाबत, आणि पोफळीवर चढणे हा हितकारक उद्योग मानणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. २४ नोव्हेंबर १९५९.

महोदय,

१. कोर्टाच्या हुकमाने राही ही अनाथ मुलगी गेल्या जूनमध्ये माझ्या स्वाधीन झाली. त्याआधी ती संस्थेतून तीनदा पळाली होती. माझ्याकडून दिवाळीपर्यंत सात वेळा पळाली. संस्थेचा बंदोबस्त माझ्यापेक्षा बरा होता, हे मी आधीच कबूल करते.

२. हुकमाच्या चौथ्या कलमात "मुलीस हितकारक व उत्साहवर्धक उद्योगात गुंतवावे" असे लिहिले आहे. मी मराठी चार इयत्ता शिकले असल्याने कलम मला समजले, असा माझा समज झाला. प्रथम तिला भरतकामास बसवले. मोराची चोच भरून झाली आणि ती रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचपाशी सापडली. उरलेला मोर मी भरला. मग तिला भजनी मंडळात नेले. तिने टाळ असे हाणले की बुवा म्हणाले, "काशीबाई, हिला घरीच देवाचं नाव घेऊ द्या." मंडळात मी अजून जाते. शेवटी मी तिला जुन्या गोष्टी सांगू लागले. प्लेगच्या साली आम्ही वाडीत झोपड्या बांधून कसे राहिलो, हे सांगताना मी फार रंगते. डोळे पुसून पाहिले तेव्हा समोर रिकामा पाट होता. थोडक्यात, चार-पाच महिन्यांत उत्साह वाढला तो माझाच.

३. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी उशीचा अभ्रा आणि सुई घेऊन तिच्यामागे वाडीभर धावत होते. अडुसष्टाव्या वर्षी याला धावणे म्हणावे का, हा प्रश्न वेगळा. ती सरळ पोफळीवर चढली. पोफळ चाळीस फूट उंच. वर जाऊन तिने शेंडा झुलवला, शेजारच्या पोफळीला हात घातला आणि खाली न उतरता तिकडे गेली. मग तिसरीवर. आमची नारळ-सुपारी उतरवणारे पाडेली हिरामण कोयती घेऊन खालीच उभे होते. त्यांना हे कसब साधायला चार वर्षे लागली होती. ते म्हणाले, "काकी, ही पोर हाय का खार?"

४. माझा गुन्हा पुढे आहे. जबाबदार पालकाने अशा वेळी किंचाळायचे असते. मी वर पाहून विचारले, "राही, तिथला सुपारीचा घड पिकलाय का गं?"
ती म्हणाली, "पिकलाय, आज्ये. उतरवू?"
मी "उतरव" म्हटले.
सहा वर्षांची असताना मी पोफळीवर पुरुषभर उंच चढले होते. वडिलांनी पायाला धरून खाली ओढले. बायकांनी पडलेली सुपारी वेचायची असते, असे मला सांगण्यात आले आणि ती मी बासष्ट वर्षे वेचली. ही सबब नव्हे. पण त्या दिवशी तोंडातून किंकाळी का निघाली नाही, याचे दुसरे कारण मला सापडत नाही.

५. आता तक्रारीबद्दल. पोफळीवरून शेजारच्या परसातल्या न्हाण्या दिसतात. म्हणून पाडेली चढण्याआधी मोठ्याने हाक देतो आणि ती ऐकून बायका आत जातात. राही मुलगीच, तिला बायका दिसल्या तर काय बिघडते, असा विचार करून हिरामण यांनी व मी तिला हाक द्यायला शिकवले नाही. पुरुषही अंघोळ करतात, हे आम्हा दोघांच्या ध्यानात आले नाही. शेजारचे दिनानाथराव, देवस्थानाचे पंच, वय ७२, माडाच्या झापांच्या आडोशाला अंघोळीस बसले होते. राही वरून ओरडली, "आजोबा, पाठीला साबण राहिलाय!" साबण राहिला होता, हे ते स्वतःही नाकारत नाहीत. परंतु त्यांनी आपल्याकडे लेखी तक्रार केली आणि "धोकादायक व अशोभनीय" वर्तनाबद्दल राहीला सोमवार, दि. ७ पर्यंत संस्थेत परत देण्याची नोटीस मला मिळाली.

६. त्यानंतर मी केलेले उपाय : दिनानाथरावांच्या न्हाणीवर माझ्या हाताने झापांचे छप्पर घातले आहे. राही आता चढण्याआधी तीन हाका देते. त्या खाडीपलीकडे कोर्लईपर्यंत ऐकू जातात, अशी नवी तक्रार आपल्याकडे येण्याचा संभव आहे. ती वर असताना मी खाली गोधड्या अंथरते. आजवर त्यांवर दोनदा पडणे झाले. दोन्ही वेळा मीच, पाय अडकून.

७. भाऊबिजेनंतर राही एकदाही पळालेली नाही. सकाळी मी हाक मारण्याआधी उठते, पायात चढायचा काथ्याचा फास अडकवते आणि विचारते, "आज्ये, आज कुठली ओळ?" भात दोनदा मागून घेते. वरती इतका वेळ काय बघतेस, असे मी एकदा विचारले. म्हणाली, "अलिबागची सडक दिसते. मला न्यायला कोण येतंय ते आधी कळतं." हे आपण नोंदवून घ्यावे.

८. तरी विनंती की, पोफळीवर चढणे कलम चारखाली मंजूर व्हावे. पालक अयोग्य ठरत असेल तर मला वाटेल ती समज द्यावी, महिन्याला अलिबागेस हजेरी लावावी, ती मी लावीन. पण मुलगी हलवू नये.

९. नोटिशीबद्दल राहीला मी सांगितलेले नाही. मंजुरी असो वा नामंजुरी, जबाब पोस्टाने पाठवावा. शिपाई पाठवू नये. खाकी कपडा तिला सडकेच्या वळणावरच दिसेल. आमच्या वाडीला लागून पुढची वाडी आहे, तिला लागून त्यापुढची, आणि पोफळी अशा थेट खाडीपर्यंत गेल्या आहेत.

पोस्टमनची वाट पाहणारी,
आपली आज्ञाधारक,

काशीबाई येसाजी राऊत
(सही स्वहस्ते)

रेवदंडा, बुधवार, दि. २ डिसेंबर १९५९

सोबत : नोटिशीची नक्कल, पाडेली हिरामण यांचा जबाब, अंगठ्यासह.