पान सहाशे बारा

९ जून, सोमवार, दुपार

आणि वर महेश म्हणतो, मी वाचत नाय! दोन वर्षं झाली, रोज पन्नास-साठ पुस्तकं माझ्या मोपेडवरून नाशिकभर फिरतात. घरपोच वाचनालयाचा घरपोच म्हणजे मीच. महेश नुसता काउंटरवर बसून कार्डावर शिक्के मारतो. म्हणाला, पोथ्या वाहिल्या म्हणून गाढव पंडित होत नसतं. मी म्हणालो, गाढवाची द्वारकेच्या सिग्नलला पावती फाडत नाहीत, माझी फाडतात. तो हसला. हसणं म्हणजे उत्तर नव्हे.

भांडण जुनंच आहे, पण आता त्याला कारण मिळालं. महेशला बँकेत नोकरी लागली. पंधरा जुलैपासून काउंटर रिकामं. काउंटर म्हणजे खुर्ची, पंखा आणि महिन्याला तीन हजार जास्त. मालकीणबाई योगिनीताई, त्यांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, किशोर, लोक काउंटरवर विचारतात की पुस्तक कसं आहे, तू काय सांगशील? मी म्हणालो, वजनाला कसं आहे ते सांगेन. ताईंना विनोद कळत नाही. अट घातली. तेरा जुलैला वाचक मेळावा आहे. एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि त्यावर पाच मिनिटं बोलायचं. मग बघू म्हणाल्या.

पाच मिनिटं! मी सुरगाण्यापासून नाशिकपर्यंत जीपच्या मागे लटकून बोलत येणारा माणूस.

पुस्तक ठरवलं. 'शिळावनाचा राजा'. राजे, राक्षस, चालणारे डोंगर. जुनं, गाजलेलं, आठशे शेहेचाळीस पानं. पातळ पुस्तकावर कोणी काउंटर देत नाही.

१० जून, सकाळ

संकल्प. रोज पंचवीस पानं. मोहिनीला फोन करून सांगितलं. बहीण माझी. आश्रमशाळेत दहावीला पहिली आली. अकरावीला तिला नाशिकला आणायचं, असा माझा शब्द आहे. मी आठवीत शाळा सोडली, म्हणजे घरातलं न शिकण्याचं काम करून झालं, आता तिने शिकायचं. काउंटर मिळालं की तिची खोली, मेस, सगळं माझ्याकडे. पाच तारखेला पहिले पाच हजार पाठवतो म्हणालो.

ती म्हणाली, दादा, आधी वाच तर खरं.

१० जून, संध्याकाळ

अकरा पानं झाली. त्यातल्या सात पानांवर अक्षर नव्हतं किंवा नकाशा होता. तरी पानं ती पानंच.

१२ जून

अजून पान अकरा. राजाच्या बापाच्या बापाचं नाव आलं, मग त्याच्या बापाचं. आमच्या पाड्यावर एवढी नावं फक्त लग्नाच्या पत्रिकेत येतात, आणि तीही कोणी वाचत नाही.

पण आज मोठा शोध लागला. वाचनालयाच्या पुस्तकात मागचं कोरं पान असतं, तिथे वाचक पेन्सिलीने आपलं मत लिहून ठेवतात. तसं लिहायला बंदी आहे, म्हणून सगळेच लिहितात. पान भरलं की मी खोडरबर मारायचा, हे माझंच काम. आज पहिल्यांदा खोडण्याआधी वाचलं.

'पहिली दोनशे पाने सहन करा, पुढे सोने आहे.'
'पुढेही सोने नाही.'
'घोडा मरतो तिथे मी पुस्तक मिटले.'
'राजा मूर्ख आहे. आमच्या सोसायटीचा चेअरमन असाच.'
'पान ९० वर लोणचे सांडलेले आहे. मी नाही.'

एकवीस मतं. म्हणजे एकवीस माणसांनी हे पुस्तक माझ्यासाठी वाचून ठेवलंय! एकवीस गुणिले आठशे शेहेचाळीस. एवढं तर महेशने जन्मात वाचलं नसेल. पाठ करायला घेतली.

१५ जून, रविवार

मोहिनीचा फोन. ह्याच पुस्तकाची दुसरी प्रत आमच्या घरी आहे. मे महिन्यात आंबे खायला गेलो तेव्हा ताईंनी बळंच पिशवीत घातली होती. उशाला चांगली होती. येताना तिथेच राहिली. आता मोहिनी ती वाचतेय, दोनशेच्या पुढे गेली म्हणे.

मी सहज म्हणालो, पुढे घोडा मरतो. ती म्हणाली, दादा, घोडा मरत नाय, घोडा विकतात, आणि विकणारा रडतो. मी म्हणालो, तू अजून लहान आहेस, खोलात जाऊन वाच. ती म्हणाली, तू कितव्या पानावर हायेस? मी म्हणालो, रेंज जातेय.

काय एकेक माणसं मत लिहितात! अर्धं पुस्तक वाचून मिटायचं आणि घोडा मारून टाकायचा.

१८ जून

अडचण वेगळीच आहे. पुस्तक गाजलेलं आहे, पण नेत कोणी नाही. नाव सगळे काढतात. मेळाव्याला मी ह्यावर बोललो आणि समोर कोणी वाचलेलंच नसलं तर टाळ्या कोण वाजवणार? कारण उघड आहे. मागच्या पानावर ही असली रडकी मतं. गिऱ्हाईक शेवटचं पान बघतं आणि पुस्तक ठेवून देतं.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. वाईट मतं खोडली. खोडणं माझी ड्यूटीच आहे. मग जागा मोकळी दिसायला लागली म्हणून चार नवी लिहिली. एक डाव्या हाताने.

'अप्रतिम. पुन्हा वाचणार.'
'घरातल्या सर्वांनी वाचावे.'
'असा राजा होणे नाही.'
'पान ६१२ वर डोळ्यांत पाणी आले.'

सहाशे बारा हा माझ्या मोपेडचा नंबर आहे. आकडा नेमका असला की माणसाला खरं वाटतं. हे कोणी शिकवलं नाही, आपोआप सुचलं. मला वाटतं लेखकाला पण असंच सुचत असणार.

२३ जून

पुस्तक पाच दिवसांत तीन घरी जाऊन आलं! शेवटी खंडेराव सरांनी मागितलं. रिटायर्ड हेडमास्तर, आमचे सगळ्यात मोठे वाचक, वर्गणी कधी थकवत नाहीत. ताई म्हणाल्या, अचानक ह्याला काय झालं? मी म्हणालो, चांगलं पुस्तक लपत नसतं.

पान अकरा. पण आता घाई नाही, पाया पक्का होतोय.

२७ जून

खंडेराव सरांनी चार दिवसांत परत केलं. जिन्यातच मागचं पान उघडलं. सरांचं मोत्यासारखं अक्षर:

'पान ६१२. शब्दांच्या पलीकडले.'

त्याच्या वर, आधीच्या कोणा वाचकाचं: 'सहमत. मीही रडलो.'

अंगावर काटा आला. मी न वाचता जे ओळखलं ते हेडमास्तरांना वाचून कळलं. महेशला दाखवलं. तो म्हणाला, बरं मग त्या पानावर आहे काय? मी म्हणालो, ते सांगितलं तर मजा जाते. काउंटरवर बसणाऱ्याने असंच उत्तर द्यायचं असतं. तयारी झालीच म्हणायची.

२९ जून, रविवार

मोहिनीचं पुस्तक वाचून झालं. म्हणाली, दादा, तुला काय आवडलं? मी ठामपणे सांगितलं, पान सहाशे बारा. डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली थांब, बघते. पानं उलटल्याचा आवाज आला. मी हॅलो हॅलो करत होतो. शेवटी म्हणाली, बरं दादा. जेवलास का?

पोरीला भावना कळत नाहीत. आश्रमशाळेत हे शिकवत नाहीत.

पाच हजार पाच तारखेला नाही जमणार, तेरानंतर एकदमच पाठवतो म्हणालो. ती म्हणाली, तू ताण नको घेऊ. ताण कोण घेतंय?

२ जुलै, बुधवार

सगुणाबाई! तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ही बाई पुस्तकाचं पान न पान वाचते. असे वाचक असले की धंदा कसा चालायचा? शनिवारी पुस्तक पोहोचवलं तर आज फोन, दुसरी प्रत आण. गेलो. म्हणाल्या, अरे बाळा, सहाशे बारावर काहीच नाही. मी म्हणालो, आजी, सावकाश वाचा. म्हणाल्या, चष्मा बदलून पाहिला, सुनेला दाखवलं, काहीच नाही. दुसरी प्रत घरी आहे, मागवतो म्हणालो. खाली आलो तर पुन्हा फोन, पुस्तक घेऊन जा. परत तीन मजले.

मोपेडवर बसून पहिल्यांदाच ते पान उघडलं. कोरं. दुसरा भाग संपतो, तिसरा सुरू होतो, मधलं पान कोरं. छापणाऱ्याला एक पान नीट भरता येत नाही आणि बोलणी मी खायची!

मग खंडेराव सर कशावर शब्दांच्या पलीकडे गेले? बराच विचार केला. म्हणजे सर पण माझ्याच पद्धतीने वाचतात. एवढा मोठा माणूस. जरा धीर आला.

१० जुलै

काळूमामाच्या जीपमधून मोहिनीने दुसरी प्रत पाठवली. दिंडोरी नाक्यावर घेतली. मामा म्हणाला, भाच्या, पोरगी हे पुस्तक ओट्यावर बसून वाचायची, तुझी आई भागी चिडायची की भाकरी करपली. मी म्हणालो, मामा, वाचनाचं वातावरण मीच घरात आणलंय. पुस्तक तसंच ताईंकडे दिलं. उघडून कशाला बघायचं? तेच पुस्तक, तेच पान अकरा.

भाषण तयार आहे. आरशासमोर नऊ मिनिटं झालं. कापावं लागेल.

१३ जुलै, रविवार, संध्याकाळ

शांतपणे लिहितो.

चाळीस लोक होते. माझा नंबर तिसरा. नऊ मिनिटांचं भाषण दीड मिनिटात संपलं. लोक समोर असले की शब्द लवकर निघतात, हे आरशात कळत नाही. शेवटी म्हणालो, आणि पान सहाशे बारा तर आपण सगळ्यांनी अनुभवलंच आहे.

सगुणाबाई उठल्या. म्हणाल्या, मी नाही अनुभवलं, ते कोरं आहे.

खंडेराव सर उभे राहिले. म्हणाले, कोरं आहे तेच तर त्या लेखकाचं मोठेपण! तिथे वाचकाने स्वतःचं दुःख लिहायचं. मागून कोणीतरी म्हणालं, अगदी बरोबर, म्हणून तर मी रडलो. सगुणाबाई म्हणाल्या, सर, माझ्या वहीत पण कोरी पानं आहेत, देऊ का रडायला? दहा मिनिटं हेच चाललं. माझ्या भाषणामुळे एवढी चर्चा! मी ताईंकडे बघून मान हलवली.

ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या हातात दुसरी प्रत होती. मागचं पान उघडून म्हणाल्या, ह्या प्रतीवर एकच मत आहे, ते वाचते.

मी ते नंतर उतरवून घेतलं.

'मी हे पुस्तक दोनदा वाचले. सगळे राजाबद्दल बोलतात. मला घोडे सांभाळणारी बाई आवडली. तिचे नाव एकदाच येते, पान ४०३. सैन्य तिला वाटेत सोडून पुढे जाते. तिला कोणी न्यायला येत नाही. शेवटच्या पानावर ती एकटी चालत येऊन पोचते, आणि तिला कोणी विचारत नाही कशी आलीस. मी विचारले असते. पान ६१२ कोरे आहे. माझा दादा म्हणाला तिथे त्याला रडू आले. तो लोकांना पुस्तके पोहोचवतो, त्यामुळे त्याला वाचायला वेळ मिळत नाही. त्याने हे पुस्तक घरी आणले नसते तर मी वाचले नसते. - मोहिनी, सुरगाणा.'

खंडेराव सर बसले. सगुणाबाई म्हणाल्या, कोण गं ही पोर? ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. महेशनेसुद्धा. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१४ जुलै, सोमवार

काउंटरवर सध्या ताई स्वतः बसणार. मला म्हणाल्या, तू डिलिव्हरीत चांगला आहेस, पुस्तक कधी हरवलं नाहीस. मी म्हणालो, ताई, ती चार मतं मी लिहिली होती. त्या म्हणाल्या, माहीत आहे, डाव्या हाताचं अक्षर तर कार्डावरच्या तुझ्या सहीसारखंच आहे. मग म्हणाल्या, येत्या रविवारी बहिणीला बोलव. लोकांना तिचं ऐकायचंय.

दुपारी मोहिनीला फोन केला. काउंटर हुकलं, हे सांगायला अर्धा तास इकडचं तिकडचं बोललो. पाच हजारांचं काही जमत नाही, पुढच्या महिन्यात बघतो म्हणालो. ती म्हणाली, दादा, पाच हजार नको. मुलींच्या सरकारी हॉस्टेलला नंबर लागलाय नाशिकला. फॉर्म मी मे महिन्यातच भरला होता, मामाच्या जीपने जाऊन.

मे महिन्यात! मी शब्द द्यायच्या आधीच! म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू वाचायला लागला होतास ना, म्हटलं निदान पुस्तक तरी होऊ दे.

मी म्हणालो, रविवारी इथल्या लोकांना तुझं ऐकायचंय, मी न्यायला येतो. ती म्हणाली, नको, मी येते एसटीने. तिकिटाचे तेवढे पाठव. जायचे-यायचे दोन्ही पाठवतो म्हणालो. म्हणाली, येण्याचेच पाठव, जायचं नाय. आणि बाईला अर्धं तिकीट असतं, जास्त नको टाकू.

मग मी विचारलं, ती घोडेवाली बाई चालत कशी काय आली गं? ती म्हणाली, पान चारशे तीनपासून वाच.

मोहिनीला पाठवले: रुपये ८०.