तुझं ‘बरं’

माय, तू वाचणारी नव्हतीस, म्हणून माझ्या चौथीच्या अक्षराची लाज नाय. परवा पोरगी औरंगपुऱ्यातनं एक पुस्तक घेऊन आली. चीनमधल्या जुन्या लोकांचा ताओ म्हणून विचार हाय म्हणे. मी ओट्यापाशी, ती वाचून सांगतेय: दुसऱ्याला दाबायला नुसता जोर पुरतो, स्वतःला आवरायला खरी ताकद लागते, पाण्यासारखं नरम राहावं, ओढाताण करू नये. मी म्हणलं, "पाण्याला सासू नसती." ती हसली. मला मात्र तू आठवलीस.

वैजापूरचं आपलं सैपाकघर. चुलीवर उलटं खापर तापलंय, पुरणाचा मांडा तुझ्या दोन्ही हातांवर. तू ओढत नाहीस; नुसते हात फिरवतेस, अन् तो आपल्याच वजनानं कोपरापर्यंत पसरतो. माझा दरवेळी फाटायचा. "ओढू नको गं, येऊ दे त्याला," म्हणायचीस. मला तेवढा दम कुठला? बापानं भरल्या ताटावर बोलावं, आत्यानं टोमणे मारावेत, तुझं आपलं "बरं." लई राग यायचा मला त्या शब्दाचा. मातीची बाई म्हणलं होतं तुला, तोंडावर.

शेवटचं आले तेव्हा तुझे हात कापत होते. तरी माझ्यासाठी मांडे करायला बसलीस. पहिला फाटला, दुसरा फाटला. मला बसची घाई. मी कणीक ओढून घेतली, "सर बाजूला, तुझ्यानं आता होत नाय." तू पदराला हात पुसलेस. "बरं," म्हणालीस, अन् भिंतीला टेकून माझ्याकडं बघत राहिलीस. पंधरा दिवसांत गेलीस.

आज पोरीनं माझ्या हातातनं मांडा घेतला. "सरक मम्मी, तू फाडतेस." शिवी तोंडात आली होती. गिळली. "बरं," म्हणलं. माय, एवढ्याशा शब्दाला घाम फुटला मला. तू जन्मभर कसा म्हणलीस? पण बापाला एकदा तरी नाय म्हणायचं होतंस. तेबी सांगून ठेवते.

हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते, तुझा दुसरा पत्ता मला ठाव नाय. एक राहिलं. त्या दिवशी बस तासभर उशिरा आली. मी स्टँडवर बसून होते. घर दहा मिनिटांवर. आले नाय परत.