पूलमध्ये नाव

सोम. २ फेब्रु.
चार नंबरची लाइन बंद झाली. साडेचार वर्षं तिथे उभी राहून खोक्यांवर लेबलं चिकटवली. आता तिथे ते काम मशीन करणार. बोर्डावर यादी लागली होती, माझ्या नावापुढे चार अक्षरं. पी, ओ, ओ, एल.
मला वाटलं, पूल. मानकोलीच्या पुलापलीकडे नवं गोडाऊन होतंय, तिकडे पाठवतायत. शबाना माझ्याच लाइनवरची, तिचंही नाव यादीत. "ब्रिज के उस पार? रिक्षा का क्या करेंगे?" वळगावापर्यंत दोघी तोच हिशोब करत आलो, कुठे उतरायचं, कुठून दुसरी पकडायची. सुपरवायझर मिश्रासर मीटिंगमध्ये होते. विचारायचं राहिलं.

मंगळ. ३
काल मयुरीने मोबाइलवर शब्द काढून दिला. कॉलेजात जाणारी लेक असल्याचा फायदा. पूल म्हणजे डबकं. साचलेलं पाणी. डोह. पोहायचा तलाव. आणि एकदम खाली : गरजेला वापरायचा म्हणून एकत्र करून ठेवलेला साठा.
सासूबाई भाकरी थापत होत्या. "म्हंजे तुला डबक्यात टाकली?" मयुरीला हसून हसून ठसका लागला. मला हसू आलं नाही.
सकाळी मिश्रासरांना गाठलं. "सुनंदाजी, पूल मतलब रिझर्व. जिधर आदमी कम, उधर आप." आणि कुठेच कमी नसेल तर? "तो बैठिए."
बसले. कँटीनबाहेरच्या बाकांवर आम्ही नऊ बायका, आठपासून साडेअकरापर्यंत. कुणी हाक मारली नाही. लाइनवरच्या पोरी पाणी प्यायला यायच्या, बघून न बघितल्यासारखं करायच्या. रिकामे हात कुठे ठेवायचे तेच कळेना. शेवटी ओढणीचे गोंडे सोडवत बसले.

शुक्र. ६
रिटर्नला बोलावलं! परत आलेली खोकी उघडायची, माल चांगला, खराब वेगळा करायचा. एका खोक्यात दोन्ही बूट डाव्या पायाचे. एकात कुकर, आत कुणीतरी खिचडी करून बघितलेली. शीत चिकटलेलं. शबाना म्हणाली, "पसंद नहीं आई होगी, खिचडी." पोट दुखेपर्यंत हसलो. बरं वाटलं.

मंगळ. १०
डॉकवर. हातात स्कॅनर, सगळे त्याला गन म्हणतात. ट्रकमध्ये चढणारं खोकं गन मारून मोजायचं. काल रॅकवर होते, माल लावायला. गोडाऊन एवढं मोठं आहे ते आत्ता कळतंय. इतकी वर्षं मला एक पट्टा आणि एक भिंत माहीत.
घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना माहेरचा डोह आठवला. चैतात नदी आटायची, डोह न्हाय. "आख्खा गाव तिथंच. धुनी, गुरा, भांडनां." लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा नथ त्याच डोहात पडली. "आजून हाय तिथंच," म्हणाल्या, जणू उद्या जाऊन आणणार.

शुक्र. १३
बाकावर कुजबुज. महिनाअखेरीला पूलमधल्या सगळ्यांना घरी पाठवणार म्हणे. दोघी आज आल्याच नाहीत, कोनगावच्या गोडाऊनला लागल्या. मिश्रासरांना सरळ विचारलं, खरं आहे का? माझ्याकडे न बघता बोलले, "ऊपर से कुछ आया नहीं. पक्का नहीं बोल सकता." निदान खोटं बोलले नाहीत.
हे टेम्पो घेऊन नाशिकला. फोनवर सांगितलं. म्हणाले, "तू जेवलीस का?" जेवले, म्हटलं.

सोम. १६
पुन्हा रिटर्न. आज ढीगच. पत्ता बरोबर, माल बरोबर, गिऱ्हाइकापर्यंत पोचलंच नाही, तसंच परत. तिसऱ्या खोक्याला लक्षात आलं. मशीन लेबल लावतंय ते झाकणाच्या जोडावर. खोकं दबलं की जोड खचतो, लेबलाला घडी पडते, गनला बारकोड वाचता येत नाही. मी जोडापासून अंगठाभर लांब लावायचे. कुणी शिकवलं नव्हतं.
सतरा खोकी बाजूला काढली. मिश्रासर : "अभी नहीं." मी म्हटलं, "सर, फक्त तीन बघा." हिंदी सुचलीच नाही. त्यांनी तीन बघितली. चौथं स्वतः उचललं, स्वतः गन मारली. वाजली नाही.

बुध. १८
मशीनवाला इंजिनिअर आला. मला बोलावलं. "कितना?" मी जोडाशेजारी अंगठा ठेवला. हसला, पण पट्टी लावून नीट मोजलं. दुपारी शबाना सगळ्यांना सांगत फिरत होती, "मशीन इसके अंगूठे से सेट हुई है." लाज वाटली. आवडलंही.

शुक्र. २०
मिश्रासरांनी फॉर्म दिला. मशीनजवळ लेबलं तपासायला चेकर हवी. कायम चार नंबर, कायम पहिली शिफ्ट, बसायला खुर्ची. नको असेल तर पूल. पूल चालू राहणार का, ते मात्र अजून 'ऊपर से' आलेलं नाही. फॉर्म सोमवारी द्यायचा.
शबानाला सांगितलं. तिचा रोजा, बाकावर भिंतीला टेकून डोळे मिटून होती. न उघडताच म्हणाली, "तू जा. मैं कोई डूब थोडी रही हूँ." मी तिच्याशेजारीच बसून राहिले. डबा नंतर खाल्ला, आत जाऊन.

रवि. २२
मयुरी म्हणते, घे ना, खुर्ची आहे. हे म्हणतात, तू ठरव. सासूबाई वाल सोलत होत्या, त्यांनी विचारलं, "पन तुला काय आवडतं?" कामाबद्दल हे मला कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर द्यायला गेले आणि बोलतच बसले. डॉकवरचे ड्रायव्हर, रॅकखालून वर बघितलं की येणारी चक्कर, उघडेपर्यंत आत काय ते कळत नाही ती खोकी. वाल संपले तरी त्या उठल्या नाहीत.
फॉर्म भरला. नाव, नंबर, बुटाचं माप. शेवटी दोन चौकोन, चेकर आणि पूल, एकात खूण करायची. ती उद्या, तिथेच. पेन घरचं घेतलंय. ऑफिसातलं उमटत नाही.