घरातल्या बँडमध्ये माझी जागा

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

निर्णय झाला. या महिन्यात दोन्ही मुलांना हेवी मेटल संगीताची गोडी लावायची. थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. हेच वय. माणसाचा कान याच वयात घडतो असं मी कुठंतरी वाचलंय. वाचलं नसेल तर मला आतून वाटलंय, आणि ते जास्त भरवशाचं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर डगमगायला नको. कॉलेजात आम्ही चौघं मिळून ऐकायचो. आता त्यातला एक फक्त कोलेस्टेरॉलवर बोलतो, दुसरा सकाळी सुविचार पाठवतो, तिसरा फोनच उचलत नाही. बायकोच्या मते मेटल म्हणजे मिक्सरमध्ये राहिलेला चमचा. गेली कित्येक वर्षं मी या घरात हेडफोन लावून एकटा बसतो आणि एकटाच मान हलवतो, पाय आपटतो. कंटाळा आलाय. शेजारी बसून ऐकणारं कुणीतरी पाहिजे. बाहेरून माणसं आणणं जमत नाही. घरात दोन आयती आहेत.

दुपारी.

पहिला धडा. गायकानं पोटातून गुरगुर काढल्यावर थोरलीनं विचारलं, या काकांना काय झालंय. म्हटलं, राग आलाय. कशाचा? म्हटलं, एकूण जगाचा. त्यावर तिनं विचारलं की मग कुणी त्यांच्याशी बोललं का. धाकटा मध्येच उठून गेला. मला वाटलं घाबरला. तर खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला आणि स्पीकरपुढे ठेवून खेळायला गेला.

म्हणजे गाणं आत पोचलंय. एका दिवसात एवढं पुष्कळ.

३ नोव्हेंबर, सोमवार.

दुकानात वेळच वेळ. चष्म्याच्या दुकानात सोमवारी कोण येतं! मालकांनी नेहमीप्रमाणे बासरी लावलेली. एरवी मी दिवसभर लोकांना विचारतो, ही काच बरी की ही, आणि लोक म्हणतात, दोन्ही सारख्याच. पांढऱ्या कोटाच्या आत मी आज मुद्दाम काळा टी-शर्ट घातला. त्याच्यावरची कवटी धुऊन धुऊन फुलकोबीसारखी दिसायला लागलीय, पण आपल्याला माहीत आहे ना, बास.

अभ्यासक्रम आखला. आधी संथ मेटल, मग वेगवान, आणि महिनाअखेर कुणालाच काही कळू नये असं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

संथ मेटल. मुलं सोफ्याखाली. सोफ्याखाली आवाज उत्तम पोचतो, लाकडामुळे.

मी मात्र जोरात पाय आपटून ताल दाखवत होतो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नेहमीप्रमाणे काठीनं छत ठोकायला सुरुवात केली. काकू एकट्या राहतात, शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. ठोकायचं तर ठोका, पण निदान गाण्याबरोबर तरी? माझा पाय एकीकडे, त्यांची काठी भलतीकडेच. ज्याला ताल नाही त्यानं संगीताच्या वाटेला जाऊ नये. मला त्यांची कीवच आली.

९ नोव्हेंबर, रविवार.

आज हेडबँगिंगचं, म्हणजे गाण्यावर जोरजोरात डोकं हलवण्याचं, प्रात्यक्षिक. केस होते तेव्हा हे दृश्य भव्य दिसायचं. आता थोरली म्हणाली की चेंडू टप्पे खातोय. धाकट्यानं पकडायचा प्रयत्न केला.

शेवटच्या कडव्यात मान धरली.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

बायको फिजिओथेरपिस्ट असल्याचा तोटा असा की ती उपचार करताना बोलते. मान शेकता शेकता तिनं सांगितलं की मुलांच्या माना अशा हलताना दिसल्या तर स्पीकर माळ्यावर जाईल. वर विचारलं, मुलांना हे नको असेल तर? म्हटलं, त्यांना काय हवंय हे त्यांना अजून कळायचंय. ती म्हणाली, थोरलीला बदकाचं गाणं हवंय.

संध्याकाळी बदकाचं गाणं लावावं लागलं. मनाविरुद्ध. खूप वेळा. नाही म्हटलं तरी बदकाच्या गाण्यातला बेस बरा आहे.

अभ्यासक्रम पुढच्या आठवड्यावर ढकलला. आजारी रजा समजावी.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री.

धाकट्यानं थोरलीच्या चित्रावर पाणी सांडलं. ती भडकली आणि तोंड उशीत खुपसून ओरडली. साधं ओरडणं नव्हे. पोटातून, खोल, थेट त्या काकांसारखं. मी धावत जाऊन गाणं लावलं. तिनं उशीतून डोकं वर काढलं आणि गाण्यासोबत गुरगुरली. मग म्हणाली, परत लाव. परत लावलं. म्हणाली, अजून एकदा. धाकटा बाथरूममधून बादली घेऊन आला, पालथी घातली आणि बडवायला लागला.

आम्ही तिघं बसून एकच गाणं संध्याकाळपर्यंत ऐकत होतो. मध्येच थोरली माझ्या गुडघ्याला टेकली. मला रडू आलं. लिहायला लाज कसली, आलं. मुलं माझ्यावर गेली आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

दुकानात एका बाईंना नंबर तपासताना बोर्डावरची अक्षरं चुकून गुरगुरून विचारली. मालकांनी आत बोलावून पाणी दिलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

बँड स्थापन! मी नाव सुचवलं 'रक्तज्वाला'. दोन्ही मुलांनी नाक मुरडलं. थोरलीचा पुढचा दात हलतोय, त्यामुळे 'दुधाचे दात' हे नाव पास झालं. असू दे, सुरुवातीला लोकांना विचित्रच वाटतं. गाणं थोरलीनं स्वतः रचलं. विषय: आम्ही दात घासणार नाही. बंडखोरी आहे, आशय आहे, आणि मुख्य म्हणजे कळतं. महिनाअखेरच्या रविवारी दिवाणखान्यात कार्यक्रम करायचा ठरला.

मुख्य गायक मी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

मुख्य गायक आता थोरली. तिचं म्हणणं, बाबा, तू उशिरा येतोस. मी समजावलं की मी मुद्दाम थांबून येतो, त्याला ठेहराव म्हणतात. ती म्हणाली, मग इथे ठेहराव नकोय. मला गिटार दिली आहे, म्हणजे बॅडमिंटनची रॅकेट. खरं तर मेटलमध्ये गिटारवालाच सगळ्यात मोठा.

सराव चालू असताना बायको 'जेवायला चला' सांगायला आली. हातात पळी होती. तिनं सहज जाता जाता टेबलावरच्या पातेल्यावर ठेका धरला. धाकट्याची बादली एकदम त्याच्याशी जुळली. दोघं एकमेकांकडे बघून हसली. बायको बँडमध्ये.

म्हणजे मिक्सरमधला चमचा वगैरे म्हणणारी हीच! पण मी मोठ्या मनाचा आहे. नवख्यांना कधीकधी जमून जातं.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

रॅकेट काढून घेतली. सगळे थांबल्यावरही मी वाजवत राहतो म्हणे. रॅकेटचा आवाज येत नाही, हा माझा मुद्दा होता. धाकटा म्हणाला, दिसतं ना.

लाइट माझ्याकडे दिले आहेत. थोरली गुरगुरली की दिवा बंद, बादली वाजली की चालू. गिटारवाला काय, कुणीही होईल. लाइटवाल्याशिवाय कार्यक्रम उभाच राहत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.

दिव्यांची तालीम. बटण जुनं आहे, दाबल्यावर लगेच लागत नाही. त्यामुळे अंधार भलत्याच वेळी झाला, धाकटा बादलीवरून घसरला, आणि बायकोची पळी माझ्या दिशेनं आली. ती चुकूनच आली असावी.

तेवढ्यात बेल. काकू. मी कलास्वातंत्र्यावर दोन शब्द तयार ठेवले होते. त्या तोंड उघडणार, तोच थोरलीनं त्यांना सांगितलं की आता बोलू नका, तालीम चालू आहे, तिथे बटणापाशी उभ्या राहा. आणि त्या राहिल्या! थोरली गुरगुरली, खट, अंधार. बादली, खट, उजेड. एकदाही चूक नाही. जुनं बटण त्यांचं बरं ऐकतं.

जाताना काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांची गोंगाटाबद्दल कधीच तक्रार नव्हती. गेले कित्येक महिने त्या खालून काठीनं मला ताल देत होत्या. माझे पाय ऐकून त्यांना राहवत नव्हतं.

हे वाक्य मी बायकोला विनोद म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली की माझ्या तालाचं तिला आमची ओळख झाली तेव्हापासून माहीत आहे. म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, तू मान हलवताना इतका खूश दिसायचास.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

विचार केला. मला ताल नाही असं नाही. मला बहुधा अवघड मात्रांमध्ये ऐकू येतं. घरच्यांचा कान अजून तेवढा तयार नाही.

दुकानात बासरीबरोबर काउंटरवर बोटं वाजवून खात्री करून घेत होतो. मालकांनी बासरी बंद केली.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

रंगीत तालीम. मी आता प्रेक्षक. प्रेक्षक नसेल तर कलाकार कुणासाठी गाणार? तेव्हा ही जागाही तशी महत्त्वाचीच. मी समोर बसलो आणि मन लावून मान हलवायला लागलो. पहिल्याच ओळीला गाणं थांबलं. थोरली जागा सोडून आली, माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात, समजावून, अगदी तिच्या आईसारखं बोलली. धाकटा वाजवताना माझ्याकडे बघतो, आणि माझी मान बघितली की त्याचं चुकतं. तेव्हा उद्या मान हलवायची नाही. जमेल ना, असंही विचारलं.

म्हटलं, जमेल.

मी फक्त शेजारी बसून ऐकणारं कुणीतरी मागितलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.

कार्यक्रम झाला. काकू बटणापाशी, बायको पातेल्यावर, धाकटा बादलीवर, थोरली माझा काळा टी-शर्ट घालून मधोमध. तिला तो पायापर्यंत येतो. मी खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली, मान ताठ. एवढं स्थिर बसून मी आजवर कुठलंही गाणं ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट ऐकलं. फार चांगलं वाजवतात. खोटं नाही, अंगावर काटा आला. ही माझी मुलं आहेत, आणि त्यांना हे मीच ऐकवलं, असं मी मनातल्या मनात मोठ्यांदा ओरडत होतो.

गाणं संपलं. दिवा लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

थोरलीनं विचारलं, आवडलं नाही का. म्हटलं, खूप आवडलं. मग टाळ्या का नाही वाजवल्या? म्हटलं, चुकतील म्हणून.

ती म्हणाली की टाळ्या कशा चुकतील, बाबा, आणि येऊन तिनं माझे दोन्ही हात मांडीखालून ओढून काढले, मनगटांना धरून एकमेकांवर आपटून दाखवले. असे. मी वाजवायला लागलो. काकूही वाजवायला लागल्या, बायकोही.

धाकटा बादलीवर बसून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला की बाबांनी टाळ्या सगळ्यांच्या नंतर, वेगळ्या वाजवाव्यात.