उजव्या घोट्याची बातमी

१ फेब्रु., रवि.
शेजारच्या गावच्या यात्रेत कबड्डी. आमचं घोडतीर जिंकलं, पण शेवटी मारामारी झालीच. पंचाने आमच्या गणाचा बोनस नाकारला आणि आप्पांनी खुर्ची उचलली. आप्पा म्हणजे आमचे प्रशिक्षक, दौंडला रेल्वेत होते, अजूनही शिट्टी गार्डासारखी वाजवतात. कुणीतरी गणाच्या कानाखाली वाजवली. कुणी ते दिसलं नाही. जो हाताला लागला त्याची कॉलर मी धरली आणि बटणं तुटेपर्यंत सोडली नाही. आई म्हणते, लग्नाच्या वयाची पोरगी, लोक काय म्हणतील. म्हणू देत. धाकटा भाऊ आहे माझा, त्याला मारायचा हक्क माझा एकटीचा.

उद्याच्या पेपरात एकच ओळ येणार, 'घोडतीर विजयी'. एवढं रक्त सांडून एक ओळ! आता मीच लिहिते. शाळेत असताना मी काय कमी चढाया केल्यात? मोबाईलवर ब्लॉग उघडला. नाव 'मध्यरेषा'.

३ फेब्रु., मंगळ.
पहिला लेख टाकला. लिंक संघाच्या ग्रुपवर. गणा खूश. "तायडे, माझ्याबद्दल आजून लिव की." याची हौस काही फिटायची नाही.

एकच कमेंट. नाव लावलंय 'डावा कोपरा'. "बोनस न्हवता तो. मागचा पाय उचलला न्हवता. बाकी झकास लिवलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात. व्हिडिओ परत परत पाहिला. पाय खरंच उचलला नव्हता. झक मारत दुरुस्ती केली. खाली त्याची दुसरी कमेंट, "मानलं तुमाला. तुमचं वाचणार."

८ फेब्रु., रवि.
फर्स्ट शिफ्ट. शिक्रापूरला ट्रकच्या रांगेत बस अडकली, तिथेच दुसरा लेख पुरा केला. कंपनीत लाइनवरचा पांडेजी विचारतो, "मॅडम, वो कबड्डीवाला आप लिखती हो?" दिवसभर हवेत.

संध्याकाळी मैदानावर आप्पा म्हणाले, "आपल्या संघाचंच लिहायचं. समोरच्याचं कौतुक करायला त्यांचे बाप हायेत." मला पटलं. मी काही पंच नाही. मी घोडतीरची.

१२ फेब्रु., गुरु.
गणाचा उजवा गुडघा सुजलाय. रविवारी दौंडकडच्या सातबंधू संघाशी गाठ. मी बर्फ लावला, आप्पांनी आतून पट्टी आवळली, वरून ट्रॅकपँट. "खेळनार म्हंजी खेळनार," गणा म्हणाला.

आमच्याकडे दुखणं लपवून कुणी मोठा होत नाही. मार खाऊन उतरला की मोठा. म्हणून लिहिलं, "उजव्या गुडघ्याला आतून पट्टी, तरी गणा उतरणार. याला म्हणतात घोडतीरचं पाणी." ग्रुपवर बदामच बदाम. गणाने तो लेख स्टेटसला ठेवला.

डावा कोपरा लिहितो, "जपा त्याला."

१५ फेब्रु., रवि. शिवरात्र
सातबंधूंशी सामना झाला.

गणाच्या पहिल्या चढाईला त्यांचा डावा कोपरा, म्हणजे डावीकडचा कोपरारक्षक, सरळ उजव्या गुडघ्यावर आला. कमर नाही, मांडी नाही, गुडघा. दुसऱ्या चढाईला पुन्हा तेच, आणि वरून तिघे पडले. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. मला तो हलगीच्या वर ऐकू आला. मग गणा ओरडला. लहानपणी विंचू चावला होता तेव्हाही असा ओरडला नव्हता.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. आमचा दुसरा चढाईवाला बबन खांबाची बल्ली घेऊन धावला. आप्पांचं धोतर फाटलं. कुणाचा तरी दात मातीत पडला होता, पांढरा स्वच्छ. रेषा आखायच्या चुन्याची बादली माझ्या हाताला लागली आणि ती मी त्या डाव्या कोपऱ्याच्या तोंडावर रिकामी केली. तो डोळे धरून खाली बसला. मी आणखी दोन लाथा घातल्या. पोलिसांची जीप आली तेव्हा मला दोघींनी धरलेलं होतं.

उपास होता. ॲम्ब्युलन्समध्ये कुणी पाणी दिलं, त्याने गणाच्या तोंडावरची माती पुसली.

१६ फेब्रु., सोम.
शिरूरचं हॉस्पिटल. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चालेल, जिना चढेल, पण कबड्डी विसरा.

गणाने गुडघ्याच्या बँडेजवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पट्टी आतून व्हती. वरून पँट व्हती. त्यांना कसं कळलं?"

आप्पांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मग गणाने पाहिलं.

त्याने फेकलेला स्टीलचा तांब्या माझ्या भुवईवर लागला. त्याच हॉस्पिटलात टाके घेतले. नर्सने विचारलं, कशानं लागलं? म्हटलं, पडले. बरोबरच मारला. आणखी जोरात मारायला हवा होता.

१८ फेब्रु., बुध.
गणाला घरी आणलं. ब्लॉग काढून टाकायला बसले होते, तेवढ्यात आप्पा आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि सावकाश बोलायला लागले.

"काडून टाकू नको. हत्यार हाय ते. एक मार्चला शिरूरला परत सातबंधूच हायेत. तू लिव, बबनचा उजवा घोटा सुजलाय. ते वाचत्यात. त्यांचा डावा कोपरा घोट्यावर सूर मारनार, मुंडी खाली घालून. बबन तयारच आसंल. गुडगा मानंवर द्यायचा आन् आंग सोडून द्यायचं. पंच म्हननार तोल गेला."

"आप्पा, मान मोडंल त्याची."

"गणाचा गुडगा काय मातीचा व्हता?"

खाटेवरून गणा म्हणाला, "तिनं लिवलं तर मी बोलंन तिच्याशी."

२० फेब्रु., शुक्र.
सराव पाहायला गेले. वाळूने भरलेलं पोतं. एक जण ते पायाशी सरकवतो, बबन गुडघा टेकून त्यावर सगळं वजन टाकतो. पुन्हा. पुन्हा. शेवटी पोत्याची शिवण उसवली आणि वाळू भसकन बाहेर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

२२ फेब्रु., रवि.
लेख टाकला. "आप्पा म्हणाले कुणाला सांगू नकोस. पण मध्यरेषेच्या वाचकांपासून मी कधी काही लपवलं नाही. बबनचा उजवा घोटा सुजलाय. तरी तो उतरणार." आजवर लिहिलेल्यातलं सगळ्यात झकास वाक्य, आणि धादांत खोटं.

गणाने वाचलं. "भारी लिवलंयस, तायडे." आठवड्यात पहिला शब्द बोलला माझ्याशी. मी न्हाणीत जाऊन रडले.

२४ फेब्रु., मंगळ.
शिफ्ट सुटल्यावर शिक्रापूरच्या चौकात एक जण आडवा आला. उंच, खांदे पडलेले, एक डोळा लालभडक. मी ओळखला आणि दगडासाठी खाली बघायला लागले.

"ताई, दगूड नका शोधू. मी डावा कोपरा."

"माहितेय."

"तसं न्हाई. तुमच्या ब्लॉगवरचा बी मीच. विकास. हितंच गोडाऊनला लोडिंगला हाय."

बोनसची चूक काढणारा, जपा म्हणणारा, तो हा. चहाच्या टपरीवर उभा राहून सगळं स्वतःच सांगत गेला.

"गुडगा मी वाचूनच धरला. खोटं कशाला बोलू. दुखरी जागा धरली की गडी लवकर बसतो, एवढंच डोक्यात व्हतं. मोडायचा न्हवता. मागून पोरं पडली."

"मग आता काय, माफी?"

"माफी मागून गुडगा येतोय व्हय?" डाळिंबांची पिशवी पुढे केली. मी घेतली नाही. त्याने टपरीच्या बाकड्यावर ठेवली. "चुन्याचं बी मनात न्हाई माझ्या. भांडनात व्हतो आपन." तो डोळा सारखा पुसत होता. "बबनचं वाचलं. मी आमच्या पोरांना दम दिलाय. त्याच्या घोट्याला कुनी हात लावायचा न्हाई. मी एकटाच धरनार, हलक्या हातानं, आन् बसवनार. मागून कुनी पडलं तर त्याची गाठ माझ्याशी. एक पोरगं मोडलं, बास झालं."

निघताना वळून म्हणाला, "तुमी खरं लिवता म्हनून बरं. आमच्याकडं कोन सांगतंय?"

डाळिंबं तिथेच सोडली. बस लागल्यावर उतरून परत आणायला गेले.

२६ फेब्रु., गुरु.
हलक्या हाताने धरणार म्हणजे सावकाश वाकणार. सावकाश वाकणार म्हणजे मान तेवढा जास्त वेळ खाली.

गणाला सांगितलं. डाळिंब सोलून दिलं होतं, ते खात होता. कुणी दिलं ते कळल्यावर थुंकला. "माझी जिंदगी गेली आन् तो डाळिंबं वाटतोय? मोडू दे मान."

"तो वाचवायला खाली येणारे, गणा."

"तू कुनाची हायेस, ते सांग आदी."

डाळिंबाची सालं गोळा करून बाहेर टाकली.

२८ फेब्रु., शनि.
रात्रपाळीहून आलेली, झोप नाही. लिहिलं, "बबनचा घोटा ठणठणीत आहे. मागचा लेख खोटा होता." बटण दाबायच्या आत गणाने माझा हात पिरगळून मोबाईल घेतला आणि कुबडीच्या टोकाने फरशीवर ठेचला. काचा उडाल्या. मी त्याच्या मुस्काटात मारली. त्याने कुबडी उगारली. आई मध्ये पडली, तिच्या दंडावर बसली. मग आम्ही तिघंही खाली बसून राहिलो. आईचा दंड काळानिळा झालाय. हळद लावली.

आप्पांकडे गेले. म्हटलं, बबनला सांगा, नको. आप्पांनी शिट्टी पुसली. "संघाची हायेस तर गप बस. नसशील तर उद्या येऊ नको. आन् आलीस आन् तोंड उघडलंस, तर गावात पाय ठिवायचा न्हाई तुमच्या घरानं."

१ मार्च, रवि.
शिरूर, मैदान. वही मांडीवर. मध्यंतर चालू आहे.

सकाळी रात्रपाळी सुटताना पांडेजीच्या मोबाईलवरून ब्लॉगचा पासवर्ड टाकून पाहिला. ओटीपी माझ्या फुटलेल्या मोबाईलवर गेला. म्हणजे घोट्याचा खोटा लेख तसाच, सगळ्यात वर.

पहिल्या डावात बबनला उतरवलाच नाही. राखून ठेवलाय. गणा कुबड्या घेऊन कट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल असा. आप्पांनी त्याला नवीन जर्सी घातलीय.

सातबंधूंच्या बाकाकडे जायला निघाले होते. आमच्याच पोरांनी वाट अडवली. "ताई, बसा हितंच."

बबन आता ट्रॅकपँट काढतोय. उजव्या घोट्याला पांढरीशुभ्र पट्टी बांधलीय, लांबून दिसावी म्हणून. बायका हळहळल्या. विकास डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. गर्दीत माझा चेहरा शोधला त्याने. डोळा अजून लाल. मातीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मग वाकून स्वतःच्या उजव्या घोट्याला बोट लावून मला खुणेने विचारलं, हाच ना?

आप्पा माझ्याकडे बघतायत. गणाही बघतोय. शिट्टी आप्पांच्या नाही, पंचाच्या तोंडात आहे, आणि ती आता वाजणार. वही बाजूला ठेवते. हात मोकळे हवेत. दोन्ही हातांनी 'नाही' केलं की लांबून दिसतं.