उंबऱ्यापासून मोजलेली गल्ली

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. फक्त फॅक्ट्स. तक्रारी, शेरेबाजी, भावना काही नाही.

काल वॉर्ड ऑफिसात नागरी सुरक्षा समितीची मीटिंग झाली. प्रत्येक गल्लीवर लक्ष ठेवायला त्याच गल्लीतला एक अध्यक्ष हवा होता. आमच्या गल्लीतून मी एकटाच गेलो होतो, त्यामुळे निवड एकमताने. टाळ्या फारशा नाहीत, पण पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही मान डोलावली.

सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली. माझ्या नजरेखालून एक नट इकडचा तिकडे झाला नाही. गल्ली म्हणजे तरी काय, एक लांबट स्टोअरच.

बायकोला सांगितलं. ही म्हणाली, छान झालं, जरा बाजूला व्हा, मुलं यायची वेळ झाली. गल्लीच्या टोकाला हिचं पाळणाघर आहे. मोठ्या गोष्टींकडे लक्ष द्यायला तिला वेळ होत नाही.

५ फेब्रुवारी

पाहणी केली. परिस्थिती भयंकर.

समोरच्या शिंप्याचं बाकडं रस्त्यात. सायकलवाल्याचे टायर रस्त्यात. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या, त्याही खाली रस्त्यात. उद्या आग लागली तर बंब आत येणार कुठून? यांच्या डोक्यात हा विचार कधी आलेलाच नाही. माझ्या आला.

वॉर्ड ऑफिसरांना कडक भाषेत पत्र लिहिलं. आमच्या गल्लीत बंब येऊच शकत नाही, ताबडतोब तपासणी करा. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, कशाला उगाच उकरून काढताय? आणि आपल्या पायऱ्यांचं काय?

पायऱ्या घराचा भाग आहेत, हे मी तिला शांतपणे समजावलं. ती ऐकत होती बहुधा. एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती.

नोंद असावी म्हणून: पायऱ्या तीन, अर्धगोल, पॉलिश केलेल्या दगडाच्या. रिटायर झाल्यावर हौसेने बांधून घेतल्या. सकाळी चहा घेऊन वरच्या पायरीवर उभा राहिलो की येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चार शब्द बोलता येतात. लोक घाईघाईने पुढे जातात. माझा वेळ घ्यायचा नसतो त्यांना.

१७ फेब्रुवारी

पत्राची दखल घेतली गेली! इतक्या लवकर! वजन पडलं.

फक्त नोटीस शिंप्याला आली नाही, सायकलवाल्याला आली नाही. हिच्या पाळणाघराला आली. जिथे बंब पोचत नाही तिथे लहान मुलं ठेवता येणार नाहीत. वीस दिवसांत बंब आत आणून चाचणी घेणार. नाहीतर परवाना रद्द.

वॉर्ड ऑफिसरांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या पत्रामुळेच तर लक्षात आलं, आभारी आहोत.

हिने नोटीस दोनदा वाचली. मी म्हटलं, समितीचा अध्यक्ष घरातच आहे, काळजी कसली? जेवताना ही फक्त 'वाढू का' एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं.

हे पाळणाघर तिने एका खोलीपासून उभं केलंय. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. पण सुरक्षेच्या कामात आप-परभाव ठेवून चालत नाही.

२० फेब्रुवारी

स्वतः टेप घेऊन गल्ली मोजली. बंब जायला किती जागा लागते ते नोटिशीत दिलंय. बाकडं, टायर, कुंड्या हलल्या की सगळीकडे पुरेशी जागा निघते. आमच्या दाराशी जरा प्रश्न आला.

विचार केला. रस्ता म्हणजे काय? ज्यावरून माणसं चालतात तो. पायऱ्यांवरून माणसं चालतात का? चालतात. म्हणजे पायऱ्या रस्त्यातच धरायला हव्यात. मग टेप उंबऱ्यापासून धरली. जागा उरली वर.

एवढं सरळ आहे, पण बघायला नजर लागते.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

आमच्या पायऱ्यांवर गल्लीची सभा. मी अर्धा तास बोलायचं ठरवलं होतं. पण सुरुवातीलाच शिंपी म्हणाला, बाकडं उद्याच आत घेतो. सायकलवाला म्हणाला, टायर माळ्यावर टाकतो. काकू म्हणाल्या, कुंड्या बहिणीकडे पाठवते. लिंबाच्या कुंडीचं नाव काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषण न करताच एवढा परिणाम!

शिंपी जाताना म्हणाला, तुमच्यासाठी नाही हो, ताईंसाठी. माझी दोन्ही मुलं त्यांनीच सांभाळली. मला संकोच वाटू नये म्हणून म्हणाला असणार. मनाचा मोठा आहे.

मग त्याने पायऱ्यांकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तो विषय समितीच्या विचाराधीन आहे. समिती म्हणजे कोण, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी.

१ मार्च

ही गवंड्याला घेऊन आली. मला न विचारता! तो पायरीवर हातोड्याने ठकठक करून बघत होता. मी त्याला उंबऱ्यापासूनचं माप समजावलं. तो हिच्याकडे बघून हसला. त्याला परत पाठवलं. अर्धवट ज्ञान फार घातक.

हिला म्हटलं, बंबाचे ड्रायव्हर ट्रेनिंग घेतलेले असतात. इंच इंच मोजून गाडी काढतात. ही म्हणाली, बरं. हिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा मी पूर्वी ऐकलेला नव्हता.

६ मार्च, चाचणीचा दिवस

९.३० — कोट घातला. शिट्टी गळ्यात. वरच्या पायरीवर सज्ज.

१०.०० — बंब आला. अवाढव्य. बघूनच ऊर भरून आला.

१०.०५ — शिंप्याचं दुकान सहज पार. येऊ द्या, येऊ द्या.

१०.१० — अजून येऊ द्या.

१०.१२ — येऊ देऊ नका.

नंतर लिहितोय. बंब आमच्या खालच्या पायरीत आणि समोरच्या भिंतीत अडकला. मागे जाता येईना, मागे एक डिलिव्हरी व्हॅन येऊन उभी. व्हॅनवाला गायब. तो सापडेपर्यंत फायरमन आमच्याच पायऱ्यांवर बसून चहा प्याले. पाळणाघरातली मुलं दारात उभी राहून नाचत होती.

फायर ऑफिसरने विचारलं, या पायऱ्या कोणाच्या? मी म्हटलं, गल्लीच्या. ही पुढे येऊन म्हणाली, आमच्या.

मी टेप काढून उंबऱ्यापासूनचा हिशोब मांडला. ऑफिसरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, बंब पायऱ्या चढत नाही.

चाचणी नापास. वीस तारखेला शेवटची संधी.

७ मार्च

डोकं शांत ठेवून विचार केला. चूक बंबाची आहे. गरजेपेक्षा रुंद बांधलाय. वरपर्यंत अपील करायचं ठरवलं. मसुदा सुरू. पहिलं वाक्य जमलं की पुढचं धडाधड येईल.

१२ मार्च

दोन मुलांचे आईवडील येऊन मुलांचं सामान घेऊन गेले. दुसरीकडे सोय केलीय म्हणाले. हिच्याशी बोलताना त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. हिनेच त्यांची समजूत घातली.

दुपारी डबा द्यायला पाळणाघरात गेलो. एक चिमुरडी आहे, हिचं बोट धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. ही एका हाताचं बोट तिला देऊन दुसऱ्या हाताने रिकाम्या गाद्या गुंडाळत होती. माझ्याकडे बघितलं आणि पुढची गादी ओढली. डबा ठेवून निघालो.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. भावना लिहायच्या नाहीत असं ठरलं होतं, पण वाटलं ते वाटलं.

निर्णय घ्यायलाच हवा. अठरा तारखेला घेतो. घाईत घेतलेले निर्णय टिकत नाहीत.

१६ मार्च

केस कापून घरी आलो तर पायऱ्या नाहीत.

म्हणजे होत्या, पण तुकड्यांत. गवंडी घाव घालत होता. शिंप्याच्या हातात दुसरा हातोडा. शिंपी! सुईदोऱ्याचा माणूस! सायकलवाला घमेली भरून नेत होता. काकू धूळ बसावी म्हणून पाणी मारत होत्या. आणि मधोमध ही, कमरेला ओढणी खोचून. म्हणाली, अठरा तारखेची वाट बघायला मला परवडणार नव्हतं.

मग पुढचं काम माझ्या देखरेखीखाली झालं. शेवटचा दगड उचलताना, सांभाळून, असं मीच म्हटलं.

पॉलिश अजून जसंच्या तसं होतं. एक तुकडा आठवण म्हणून मागून घेतला.

१७ मार्च

पायऱ्या गेल्यामुळे आमचं दार रस्त्यापासून भलतंच उंच झालंय. गवंडी म्हणाला, आतल्या बाजूने पायऱ्या काढून देईन, पण पुढच्या महिन्यात. तोवर ही स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ये-जा करते. अध्यक्षाने मागच्या दाराने जाणं शोभत नाही, म्हणून मी स्टूल ठेवलंय. स्टुलावरून उतरण्यात एक टेक्निक आहे. अजून पूर्ण आत्मसात झालेलं नाही. गुडघा शेकतोय.

लोक आता थांबतात. स्टुलावरून उतरताना बघायला.

२० मार्च, सकाळ

आज शेवटची चाचणी. कोट घातला. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बंबाला आत आणायचं ठरवलं होतं.

दार उघडलं तर स्टूल नाही. शिंप्याने आत नेलं होतं. गल्ली मोकळी हवी, ताईंनी सांगितलंय, म्हणाला. मागच्या दाराकडे वळलो तर ही कुलूप लावून पाळणाघरात गेलेली. रोजच लावते. चावी एकच.

उडी मारायचा विचार केला. गुडघ्याने नकार दिला. शेवटी उंबऱ्यावर बसलो, पाय बाहेर सोडून. इथूनही देखरेख होऊ शकते.

बंब आला. शिंप्याचं दुकान ओलांडलं. सायकलवाल्याचं ओलांडलं. माझ्यासमोर येऊन थांबला. मी शिट्टी तोंडात धरली. पुढे चालत असलेला एक तरुण फायरमन जवळ आला आणि म्हणाला, आजोबा, पाय वर घ्या.

मी म्हटलं, मी समितीचा अध्यक्ष आहे. तो म्हणाला, हो, पण पाय वर घ्या.

पाय वर घेतले.

बंब गेला. नाकासमोरून, सरळ, कुठेही न घासता. गल्लीच्या टोकाला जाऊन थांबला. मुलांनी एकच कल्ला केला. ऑफिसर हिला काहीतरी म्हणाला. हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होती. काकूंनी तिला मिठी मारली. शिंपी, सायकलवाला, सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. इतक्या लांबून कोणाला ऐकू गेल्या नसतील.

११.४० — अजून उंबऱ्यावरच. मुलांना एकेक करून बंबात बसवताहेत. हीही चढली. हसतेय.

खाली उतरायला स्टूल लागेल. कोणाला तरी हाक मारायला हवी. थोड्या वेळाने मारतो. आत्ता नको.